हिरव्या दिव्याची ओळ

मला मासे आवडेनासे झालेत, पित्त होतं, असं मी घरी सांगितलं आहे. ते खोटं आहे. मी बारामतीत वाढलो, उजनीची चिलापी लहानपणापासून खात आलो, आणि रविवारी ती तव्यावर पडली की मी वास घेत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचो. आता ताटात आली की घास उचलवत नाही. मी उठतो, हात धुतो, पाणी पिऊन बाहेर जाऊन बसतो. बायको म्हणते, वय झालं तुमचं. मी मान डोलावतो. बोलायचं नसलं की मान डोलवायची, ही माझी जुनी सवय. या लिखाणात तेवढं तरी करायचं नाही असं ठरवलं आहे.

मी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही मोटारी ठरल्या वेळी चालू-बंद करणारे कंट्रोलर बनवतो. शेतकरी त्याला नुसतं डबा म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. आमच्याकडे शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री, म्हणून वेळ आणि वार सांभाळणारा डबा लागतो. डब्यात नखाएवढी घड्याळाची चिप असते. तिच्याशी बोलणारा जो छोटा प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या कंपनीत घड्याळाचा ड्रायव्हर म्हणजे माझं नाव, असं बरीच वर्षं चाललं होतं. घड्याळाचं काही अडलं की लोक माझ्या टेबलाशी यायचे. मला ते आवडायचं.

ही चिप माझ्यापेक्षा प्रामाणिक असते. वीज गेली तर ती एका गोल सेलवर चालत राहते. वीजही नाही आणि सेलही नाही असं झालं, की ती थांबते, आणि पुन्हा वीज मिळाली की कुठल्याशा जुन्यापुराण्या तारखेपासून, मध्यरात्रीपासून, नव्याने मोजायला लागते. पण असं झालं की ती स्वतःत एक खूण करून ठेवते. मी मधे थांबले होते, माझ्या वेळेवर भरवसा ठेवू नका, एवढाच त्या खुणेचा अर्थ. ड्रायव्हरने सुरू होताच पहिल्यांदा ती खूण बघायची. खूण असेल तर वरच्या प्रोग्रॅमला सांगायचं की वेळ माहीत नाही. मग डब्यावरचा हिरवा दिवा विझून लाल लागतो आणि कोणीतरी येऊन वेळ लावून देतं. इतकं सोपं काम आहे.

मी ते काम केलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी, पहिला डबा बनवताना, प्रत्येक नव्या डब्यात ही खूण असायचीच, कारण नवी चिप कधी चाललेलीच नसते. टेस्टिंगच्या टेबलावर ओळीने सगळे दिवे लाल लागायचे. टेस्टिंगवाला वैतागला. "साहेब, प्रत्येकाला वेळ लावत बसू का? मालक बघतात, त्यांना वाटतं सगळा माल खराब." मी एक ओळ घातली. सुरू झालं की खूण न बघताच पुसून टाक. टेबलावरचे सगळे दिवे हिरवे झाले. टेस्टिंगवाल्याने मला वडापाव आणून दिला. ती ओळ नंतर काढायची होती. ती राहिली, आणि नंतरच्या प्रत्येक डब्यात ड्रायव्हर तसाच्या तसा उचलला गेला.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. कऱ्हाटीच्या एकाचा पंप भलत्याच वेळी चालायचा, तक्रार आली की आमचा माणूस जाऊन नवा सेल घालून वेळ लावून यायचा. सेल गेला होता, असं सांगायचं. ऑफिसात सगळं काही सेलवर ढकलायची पद्धत पडली आणि ती पाडणारा मीच होतो. पिकाला पाणी दुपारऐवजी पहाटे मिळालं म्हणून कोणाचं काही जळालं नाही. मी निवांत होतो.

मग तळ्याचा डबा आला. इंदापूर तालुक्यात लोक शेततळ्यात मासे सोडू लागले आहेत. माशांना पहाटे हवा कमी पडते. पाण्यात हवा घालायला घरच्या चोवीस तासांच्या विजेवर फिरणारे पंखे असतात, ते मध्यरात्र उलटून गेल्यावर सुरू होऊन उजाडेपर्यंत चालले पाहिजेत. या डब्याचा प्रोग्रॅम माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याने लिहिला. त्याने विचारपूर्वक केलं होतं. वेळ माहीत नसेल तर पंखे बंद करायचेच नाहीत, दिवसरात्र चालू द्यायचे, असं त्याने लिहिलं होतं. ड्रायव्हर मात्र माझाच, जुन्यातून घेतलेला.

आमच्यात एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय डब्यात जात नाही. याला रिव्ह्यू म्हणतात. नाव मोठं आहे. प्रत्यक्षात जेवण झाल्यावर, डोळ्यांवर झापड असताना, दातात काडी घालून लोक पानं खाली सरकवतात आणि 'छान' असं लिहून मोकळे होतात. मी तसा नव्हतो. मी कडक म्हणून प्रसिद्ध होतो. त्या दिवशीही मी त्याच्या कामावर पुष्कळ शेरे मारले. इथे जागा जास्त सोडली, हे नाव लांब झालं, ही टीप मराठीत कशाला. वाचणाऱ्याला वाटावं, माणसाने अक्षर न् अक्षर पाहिलंय. त्या शेऱ्यांची आठवण झाली की मला स्वतःची शिसारी येते. घाणीवर रांगोळी काढल्यासारखे शेरे होते ते.

कारण त्या ओळीपाशी त्याने स्वतःच विचारलं होतं. "ही ओळ कशासाठी आहे? जुन्यात होती म्हणून ठेवली. हिच्यामुळे माझा लाल दिवा कधी लागणारच नाही असं वाटतं."

त्याला बरोबर कळलं होतं. मी ते वाचलं, चहा घेऊन आलो, पुन्हा वाचलं. खरं लिहायचं तर शेतात गेलेला प्रत्येक जुना डबा उघडायला लागला असता, आणि घड्याळवाला साहेब इतकी वर्षं सेलच्या आड लपला होता हे सगळ्या ऑफिसला कळलं असतं. मी लिहिलं, "राहू दे. गरजेची आहे." आणि मंजूर केलं. मी सांगितलं म्हणून त्याने पुढे विचारलं नाही. माझ्यावर भरवसा होता त्याचा.

दसऱ्यानंतर पळसदेवहून फोन आला. आमचा डबा बसवलेल्या तळ्यातले मासे मेले होते, सगळे. मालकांनी मला पाठवलं.

गाडीतून उतरलो आणि वासाने थांबलोच. नाकावर रुमाल धरून काही उपयोग नव्हता, तो वास तोंडात उतरत होता, जिभेला चिकटत होता. तळ्याच्या काळ्या प्लास्टिकच्या कडेला पांढरी पोटं वर करून मासे एकाला एक चिकटून पडले होते. काही फुगून फुटले होते. बांधावर जेसीबीने खड्डा घेतला होता आणि घमेल्यांनी भरून ते त्यात टाकत होते. कुत्र्यांचीसुद्धा पोटं भरली होती, ती बाजूला नुसती बसली होती. एक बाई, पदर कमरेला खोचून, पायांत पावसाळी बूट घालून, जाळीने मासे ओढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

ती त्या घरची सून. तळं तिचंच होतं म्हणायला हरकत नाही. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी येणारा. डाळिंब काढून तळं करायचं हे तिने सुचवलं, शिकून आली, सासऱ्यांना पटवलं, आणि रोज उजाडता खाद्य टाकायला तीच जायची. हे सगळं मला सासऱ्यांनी सांगितलं. गाव त्यांना आबा म्हणतं, मीही आबाच म्हटलं. त्यांनी ते कौतुकाने सांगितलं नाही.

"हिच्या नादानं झालं सगळं," आबा म्हणाले. "खंडेनवमीला डबा उघडून पुसला हिनं. आतला सेल काढला."

आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. ट्रॅक्टर धुतात, स्टार्टर पुसतात, विळ्या-कोयत्यांना हळदकुंकू लावतात. तिने बटण बंद केलं, झाकण उघडलं, आत कोळ्यांची जाळी आणि पाली होत्या त्या झाडल्या, सेल काढून पुसला, पुन्हा बसवला, झाकणाला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं. मी झाकण उघडलं तेव्हा ते सुकलेलं फूल कडीत तसंच होतं. आणि दिवा हिरवा होता.

लॅपटॉप जोडला. डब्याच्या मते कुठलंतरी जुनं वर्ष होतं, जानेवारी महिना होता. दुपारी पूजा झाली आणि घड्याळाने तिथून मध्यरात्र धरली. पंखे दिवसा फिरत होते आणि रात्री निवांत. त्यात दोन दिवस आभाळ, म्हणजे ऊन नाही आणि पाण्यात हवा आणखी कमी. मला सगळं समजायला एखादं मिनिटही लागलं नाही.

"आबा, म्या सांगत हुते, पंखे दुपारचं चालल्यात म्हणून," सून जाळी खाली ठेवून म्हणाली.

"दिवा हिरवा हुता न्हवं? कंपनीनं काय उगाच दिवा दिलाय का? तू गप ऱ्हा." मग माझ्याकडे वळून, "सायेब, तुमी शिकल्याली माणसं. सेल काढल्यामुळंच झालं न्हवं?"

ती माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर माशांच्या खवल्याचा एक तुकडा चिकटला होता.

मी म्हणालो, "सेल काढायला नको होता."

वाक्य खरं होतं. खोटं बोललो असतो तर एवढी घाण वाटली नसती. आबांनी नुसतं सुनेकडे पाहिलं. तिने जाळी उचलली. मी वेळ लावून दिली, आणि जाताना तिनेच मला चहा आणून दिला, हात घासून धुतलेले, तरी कपाला तो वास. मी तो चहा प्यालो, सगळा. नको म्हणायचंही धाडस झालं नाही.

ऑफिसात मी रिपोर्ट दिला, ग्राहकाने सेल काढला. मालकांनी त्यावर स्टिकर छापायचं ठरवलं. पिवळ्यावर लाल अक्षरं, 'सेल काढू नये'. मजकूर बरोबर आहे का म्हणून तो कागद माझ्याच टेबलावर आला. मी 'नये' खाली रेघ मारून दिली, ठळक करा म्हणून. त्या दिवसापासून मला मासा जात नाही.

स्टिकर लावायला आमचा माणूस सगळीकडे फिरला. पळसदेवहून आला तो हसतच. "लई कडक हाय तो आबा. सुनेला तळ्याकडं फिरकूच देत न्हाय. तळ्याची किल्ली भावकीतल्या एकाकडं देतो म्हणतोय. समद्या पाव्हण्यांत झालंय, सुनेनं तळं मारलं म्हणून. लेक हाय सांगवीला दिलेली, ती तर फोनवर फोन." त्याने बाईची नक्कल करून दाखवली. टेबलाभोवतीचे हसले. मीही तोंड हसरं केलं. मग संडासात जाऊन ओकलो.

परत आलो आणि सहकाऱ्याच्या त्या जुन्या प्रश्नाखाली लिहिलं, "ही ओळ मी लिहिली. चुकीची आहे. तुम्ही विचारलं तेव्हाही मला माहीत होतं." ओळ काढली, खूण बघणारं नीट लिहिलं, आणि वाचायला त्याच्याकडेच पाठवलं. त्याने संध्याकाळी मंजूर केलं. खाली एकच वाक्य होतं, "मी विचारलं होतं." आम्ही रोज जेवणाचा डबा वाटून खायचो. आता तो खिडकीशी बसून खातो.

मालकांना सांगितलं. ते पेपरवेट फिरवत म्हणाले, "नव्या डब्यांत बदला. जुने हळूहळू करू. आणि पळसदेवला कशाला सांगायचं? त्यांनी काही विचारलंय का?" मी मान डोलावली. रविवारी लॅपटॉप घेऊन पळसदेवला गेलो.

तळ्यात पाणी पुन्हा भरलं होतं, स्वच्छ आणि रिकामं. आबा बांधावर बसले होते. सून घराच्या पायरीवर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती, तळ्याकडे पाठ करून. मी वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली.

"आबा, मासे ताईंनी मारले नाहीत. माझ्यामुळे मेले."

"बसा, पाणी घ्या," आबा म्हणाले. त्यांना वाटलं, सुनेने माहेरच्या कोणामार्फत मला गाठलं आणि तिची बाजू घ्यायला मी आलो आहे. तसं बोललेही. "व्हय, व्हय. चांगल्या घरचे हायसा. पर सेल काढला ते तर तिनंच कबूल केलंय की."

"सेल काढला तर डब्याने लाल दिवा लावायला पाहिजे होता. मी तो लागू दिला नाही."

"दिवा हिरवा हुता. म्या सोता बघितला."

"तेच सांगतोय. तो खोटा होता."

त्यांना पटेना. सून जुड्या टाकून कधी उठली ते कळलं नाही. तिने येऊन डब्याचं बटण बंद केलं, झाकण उघडलं आणि सेल नखाने काढून आबांच्या तळहातावर ठेवला. जरा वेळाने परत घेतला, बसवला, बटण चालू केलं. दिवा हिरवा. पंखे गप्प.

"मला वाटतंय तसंच हाय ना हे?" तिने मला विचारलं.

"तसंच आहे. आता याला किती वाजलेत ते माहीत नाही. तरी हिरवा."

मी नवा प्रोग्रॅम घातला. केबल दोनदा निसटली. मग तिला म्हणालो, पुन्हा करा. तिने पुन्हा सेल काढला, बसवला, बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि पाठोपाठ चारी पंखे खडखडत फिरायला लागले. रिकाम्या तळ्यात पाणी उडायला लागलं. आबा उठून कठड्यापर्यंत गेले आणि ते बघत उभे राहिले.

"म्हंजे ह्यो दिवा तुमच्या हातातलं काम," ते म्हणाले.

"हो."

"आणि त्या दिवशी तुमाला ठावं हुतं."

"हो."

"म्या इचारलं तुमाला. सेलमुळंच झालं का म्हणून. हितंच, ह्याच जागी."

"हो आबा."

ते पंख्यांकडे तोंड करून थुंकले. माझ्या अंगावर नाही, बाजूला, पण मला लागलं ते. त्यांना माझी जेवढी घाण वाटली तेवढी मला स्वतःची रोज वाटत होती, हे सांगण्यात काही अर्थ नव्हता. आपल्याला स्वतःची किळस येते असं सांगणारा माणूस कुठेतरी सूट मागत असतो.

सुनेने मोबाईल काढला, नंबर लावला, स्पीकर चालू करून माझ्यापुढे धरला.

"वन्सं, कंपनीचे सायेब आल्यात. तुमच्याशी बोलायचंय म्हणत्यात."

मी असं काही म्हणालो नव्हतो. पलीकडे भांडी वाजत होती. "कोण सायेब? बोला की."

मी सांगितलं. घड्याळ, खूण, दिवा. मधेच सांगवीची लेक म्हणाली, "थांबा, थांबा. मग वहिनीनं सेल काढलाच न्हाय का?"

"काढला."

"मग झालं की. तेच तर म्या म्हणतीय."

सून माझ्याकडे बघत होती, मोबाईल तसाच धरून, हात जराही न हलवता. मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी घड्याळ आणि खूण सगळं सोडून दिलं. "ताई, मासे माझ्या चुकीने मेले. त्यांच्या नाही. मला माहीत होतं आणि मी त्या दिवशी गप्प बसलो."

भांडी थांबली. "अगं बया," ती हळूच म्हणाली. मग, "आबा हायत का तितं?"

"ऐकत्यात," सून म्हणाली आणि फोन बंद केला. दुसरा नंबर लावला. ती नवऱ्याची आत्या होती. मग एक मावशी. दर वेळी माझं वाक्य आखूड होत गेलं, आणि दर वेळी ते म्हणताना तोच वास तोंडात यायचा, बांधावरच्या खड्ड्याचा. शेवटच्या फोनला मी नुसतं म्हणालो, "चूक माझी होती, मी लपवली." तेवढं पुरलं. ते पहिल्या दिवशीही पुरलं असतं.

फोन संपले तेव्हा आबा परत येऊन बांधावर बसले होते. माझ्याकडे न बघता ते सुनेला म्हणाले, "बोटुकली कवा मिळंल? इचारून ठिव. किल्ली खुंटीलाच हाय, कुणाला दिली न्हाय अजून." तिने मोबाईल कमरेला खोचला. माशांच्या पिलांचं काय करायचं ते ती ठरवणार होती, घाई नव्हती.

मी घड्याळाची वेळ लावली. दिवा हिरवा झाला, पंखे थांबले. केबल गुंडाळत असताना ती डब्याजवळ आली.

"आता नवमीला पुसायचा का न्हाय ह्यो?"

"पुसा."

"सेल काढून?"

"काढून. लाल लागला की वेळ लावून घ्या, मी शिकवतो."

ती झाकणावरचं पिवळं स्टिकर एका कोपऱ्यापासून नखाने सोलायला लागली. ते चांगलं चिकटलं होतं, तुकड्या-तुकड्याने निघत होतं. 'सेल काढू' एवढं निघालं आणि 'नये' राहिलं, मी ठळक करायला सांगितलेलं. ती ते खरवडत राहिली. चहा कोणी विचारला नाही, आणि मी गाडीकडे गेलो.